जयंतीताईंच्या घरची साखर

आमच्या बिल्डिंगमधल्या जयंती शेवड्यांना कुणीही "कसं चाललंय?" असं विचारलं की त्या "उत्तम" म्हणतात. हीटर बंद पडलेला असो, लिफ्ट रुसलेली असो, उत्तर उत्तमच. या स्वभावाची मला पूर्वी भयंकर चीड यायची. हल्ली तितकी येत नाही.

मी अवंतिका. टोरांटोच्या स्कारबरो भागातल्या या जुन्या बिल्डिंगमध्ये त्यांच्या समोरच्या दारात राहते. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते आणि संध्याकाळी, निर्लज्जपणे, जयंतीताईंच्या हातची भाजी खाते. ताई आणि गुरुदत्तभाऊजी मूळचे साताऱ्याकडचे, इथे येऊन त्यांचं अर्धं आयुष्य झालं. भाऊजी एका फॅक्टरीत मशीनवर होते. २०१५च्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. डायबेटिस आधीपासून होताच. त्यांना एकटं सोडून ताईंना कामावर जाता येईना आणि शिलकीतलं होतं ते संपत चाललं. मी म्हटलं, सरकारची अपंगांसाठी मदत असते, शिवाय डायबेटिसवाल्यांना पथ्याच्या खाण्यासाठी वेगळा भत्ता मिळतो, अप्लाय करा.

"म्हणजे मागायचं?" त्या म्हणाल्या.

"भाऊजींनी इतकी वर्षं टॅक्स कशाला भरला मग?"

त्या तयार झाल्या, पण बिल्डिंगमध्ये कुणाला कळता कामा नये या अटीवर. मग आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो, कारण अर्जात दुखण्याची माहिती त्यांनी भरायची असते. डॉक्टर इंग्रजीत विचारत होते, मी मराठीत सांगत होते. आंघोळ स्वतः करतात का? "करतात की," ताई म्हणाल्या. कपडे? "घालतात." जेवण? "अगदी व्यवस्थित." नवऱ्याचा कमीपणा चारचौघांत सांगायचा नाही, हे त्यांच्या हाडीमांसी भिनलेलं. डॉक्टरांनी ऐकलं तसं लिहिलं आणि अर्ज नामंजूर झाला. मी घरी येऊन दार आपटलं.

पुन्हा गेलो तेव्हा तेच प्रश्न, आणि ताईंनी पुन्हा "करतात" म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात भाऊजी त्यांच्या जड झालेल्या जिभेने म्हणाले, "खोटं बोलतेय ती. माझी बटणं तीच लावते. घासही तीच भरवते." आणि भिंतीकडे बघत बसले. ताईंनी त्यांची कॉलर सारखी केली. मी ते सगळं डॉक्टरांना सांगितलं.

या खेपेला मदत मंजूर झाली, पथ्याच्या भत्त्यासकट. घरात पुन्हा पालेभाजी दिसू लागली, इंडियन स्टोअरमधून ज्वारीचं पीठ येऊ लागलं, भाऊजींची शुगर ताब्यात आली. ते पैसे थांबले असते तर काय झालं असतं, याचा मी विचार करत नाही.

आता ताईंच्या दुसऱ्या खोडीकडे येते. या बाईला वाटीभर आमटीसुद्धा एकटीने खाववत नाही. वरच्या मजल्यावर निहार राहतो, नागपूरचा, कॉलेजात शिकतो आणि उरलेल्या वेळात गॅस स्टेशनवर, म्हणजे पेट्रोल पंपावर, काम करतो. मेथी केली की त्याला डबा. खालच्या मजल्यावरच्या सलोनीला बाळ झालं, तिला डबा. आणि आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, हे निहारलाही त्याच्या आईने शिकवलेलं. पण निहारच्या किचनमध्ये नूडल्स आणि साखर याखेरीज असतंच काय? तो डब्यात चमचाभर साखर टाकून पाठवायचा. सलोनीचंही तेच, मीही तेच करायचे. ज्या घरात साखर विषासारखी, तिथेच सगळ्यांची साखर जमायची. मग ताई त्या साखरेच्या नारळाच्या वड्या करायच्या आणि आम्हालाच वाटायच्या. एकच साखर वर्षभर लिफ्टने वर-खाली फिरत असावी असा मला संशय आहे.

मदत मिळाली तरी मध्येमध्ये तपासणी होते. अशा तपासणीला २०१७मध्ये मदतीच्या ऑफिसातली केस वर्कर घरी आली. डेनीस नावाची, मध्यम वयाची, सभ्य बाई. मी दुभाषी म्हणून बसले होते. ताईंनी चहा केला आणि पाहुणी आली म्हणून वड्यांची बशी पुढे केली. डेनीसने नम्रपणे नको म्हटलं, पण तिचं लक्ष ओट्यावर गेलं. तिथे स्टीलचे डबे रांगेत पालथे घातले होते, प्रत्येकावर तो ज्याच्याकडे जायचा त्याचं नाव कोरलेलं.

"हे कुणाचे?" तिने विचारलं. ताईंना तेवढं इंग्रजी कळलं आणि मी काही बोलायच्या आत त्या कौतुकाने एकेक डबा उचलून दाखवू लागल्या. "धिस निहार. धिस सलोनी. धिस अवंतिका."

डेनीसने लिहून घेतलं. मग तिला साखरेची मोठी बरणी दिसली. "मिस्टर शेवडे डायबेटिक आहेत ना? मग इतकी साखर कोण खातं?"

"नो, नो, वी डोन्ट ईट," ताई घाईने म्हणाल्या. "आय मेक स्वीट. ऑल पीपल टेक."

"आणि ते तुम्हाला पैसे देतात?"

"नो मनी. ओन्ली शुगर."

मी कपाळाला हात लावला. डेनीस वाईट नव्हती, तिच्या जागी मी असते तर मलाही डब्यांचा धंदाच दिसला असता. ती म्हणाली की स्वयंपाकातून काही मिळत असेल तर ते कळवायला हवं होतं. ज्यांचे डबे आहेत त्यांनी ऑफिसात येऊन पैसे देत नाही असं सांगावं, नाहीतर मदत पुढे चालू ठेवणं कठीण होईल.

ती गेल्यावर ताई कप विसळत राहिल्या. कप पालथे घालताना म्हणाल्या, "म्हणजे त्या सगळ्यांना सांगावं लागणार."

"मी सांगते दुसरंच काहीतरी. इमिग्रेशनचं काम आहे म्हणते."

"नको. एकदा खोटं बोलून बघितलंय मी."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मेथी केली, डबे भरले आणि आम्ही वर गेलो. निहारच्या दारासमोर त्या नुसत्याच उभ्या. हात दारापर्यंत जायचा आणि पदराशी परत यायचा. शेवटी त्यांनी टकटक केलं.

"निहार, हा तुझा डबा," त्या म्हणाल्या. मग घसा साफ केला. "आम्हाला सरकारकडून मदत मिळते. जेवणाखाण्यासाठी. ती आम्हाला लागते. तू मला पैसे देत नाहीस, एवढं एका मॅडमना सांगायला येशील का?"

"लागते" हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. त्या ताठ उभ्या होत्या आणि कान लाल झाले होते. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले.

"ऑफ कोर्स, काकू," निहार म्हणाला. "कधी यायचं?"

सलोनीच्या दारात त्यांना पुन्हा तेच सांगावं लागलं, आणि त्यांनी सांगितलं. सलोनी बाळाला घेऊन आली, निहारने शिफ्ट बदलून घेतली, आम्ही सगळे डेनीससमोर बसलो. भांडं रिकामं का द्यायचं नाही, हे निहारने तिला मोठ्या तळमळीने समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं, एकदा हसली, आणि मदत चालू राहिली.

पण खरी पंचाईत त्यानंतर झाली. आता सगळ्यांना कळलं होतं. पुढच्याच आठवड्यात निहार डबा परत द्यायला आला तो काखेत तांदळाची पिशवी घेऊन. "काकू, सेलवर होता. मला एकट्याला जास्त होतो."

ताईंनी डबा घेतला, पिशवी घेतली नाही. "उद्या मॅडमनी विचारलं तर मी काय सांगू? ओन्ली राइस?"

"कोण सांगतंय त्यांना?"

"त्यांना कळो न कळो. मला कळेल ना." आवाज चढला नव्हता, पण निहारने मान खाली घातली. मग त्या जरा हळू म्हणाल्या, "बाळा, मला लागतं ते मी जिथे मागायचं तिथे मागितलंय. तुझ्याकडे नाही मागितलं. तू आधी काय द्यायचास? तेच दे."

निहार डबा घेऊन वर गेला आणि साखर घेऊन आला. पोरगं शेवटी पोरगंच, डबा काठोकाठ भरला होता. ताईंनी आतून वाटी आणली, तीत चमचाभर साखर काढून घेतली, डब्याला झाकण लावलं आणि तो त्याच्या हातात ठेवला.

"घे," त्या म्हणाल्या. "आणि रिकामा देत नाहीये, बघून घे."