मानेखालची बाई

“कुर्ता भी,” भाभीजी म्हणाल्या.

ओढणी मी आधीच काढून दिली होती. त्यांनी ती झटकून पाहिली होती. मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मी तशीच उभी. त्यांनी ट्रायल रूमची कडी लावली आणि परत म्हणाल्या, “कुर्ता भी. जल्दी करो, बाहर कस्टमर खड़ी है.”

आमच्या ट्रायल रूमला तीन बाजूंनी आरसे आहेत. नवरीला पदर मागून कसा पडतो ते दिसावं म्हणून. मी कुर्ता काढला. सलवारीची नाडी सोडली. तिन्हीकडे मीच. डोळे ठेवायचे कुठे? खाली बघितलं तर पाय, तेही माझेच. भाभीजींनी सलवार उलटी केली, शिवणीतून बोटं फिरवली. मग हवेत बोट गोल फिरवून म्हणाल्या, “घूमो.”

मी घुमले.

भाभीजी म्हणजे आमच्या सेठची बायको. इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं साड्यांचं दोन मजली दुकान आहे, आणि ते खरं तर त्याच चालवतात. त्या दिवशी एक मॅडम लेकीच्या लग्नाची खरेदी करायला आल्या होत्या. बनारसीच्या जरीत अडकतं म्हणून त्यांनी सोन्याचं कडं काढून ठेवलं. साडी मी नेसवली, पदर मी लावला. नंतर कडं सापडेना. काउंटरवर आम्ही पाच जणी होतो. मॅडमनी कुणाकडे बोट दाखवलं नाही. ते भाभीजींनी दाखवलं. माझ्या एकटीकडेच.

का, ते मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. मागच्या दिवाळीला मिठाईचा डबा द्यायला त्या आमच्या घरी आल्या होत्या. भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो बघितला. मी पाणी पुढे केलं तर म्हणाल्या, “अभी पीकर ही निकली हूं.” माझे आजोबा खानदेशातून इथल्या मिलमध्ये आले, इथेच मेले. तीन पिढ्या झाल्या. पण भिंतीवरचा एक फोटो बघितला की लोकांना सगळं समजतं, विचारायची गरज राहत नाही.

मी कुर्ता चढवत होते तेव्हा बाहेर हशा पिकला. मॅडमचा आवाज आला, “अरे, ये तो मेरे ही पर्स में था! मेरा भी ना, आजकल दिमाग कहां रहता है!” भाभीजी पण हसल्या. मॅडमसाठी शिकंजी मागवली. मला बाहेर ये म्हणून कुणी सांगितलं नाही. शिकंजीचा ग्लास रिकामा होईपर्यंत मी आतच आरशांत उभी होते. मग दार ठोठावलं गेलं. “चलो, वो बनारसी सब तह कर दो.”

मी घड्या घातल्या. एकेक साडी, निगुतीनं.

मला फक्त एक वाक्य हवं होतं. जास्त काही नाही. मला चौघींच्या डोळ्यांदेखत आत नेलं ना? मग चौघींसमोरच म्हणायचं, इसने नहीं लिया था. बस. आठ दिवस मी त्या वाक्याची वाट बघितली. भाभीजी रोज येत होत्या, रोज हसून बोलत होत्या, आणि ते वाक्य येत नव्हतं. काउंटरवरच्या रेखाताई हळूच म्हणाल्या, “सोड ना गं. मोठे लोक आहेत.” नवरा सांवेर रोडला गोदामात पॅकिंगला आहे. त्याला फक्त झडती झाली एवढंच सांगितलं, कुर्त्याचं नाही सांगितलं. तो म्हणाला, “कंगन मिल गया ना? मग बात खतम. नोकरी टिकव.” मुलीला तर काहीच नाही सांगितलं. तनू चौदा वर्षांची आहे.

आणि त्याच आठवड्यात एका मुलीचा व्हिडिओ आला.

चांगल्या घरची, कॉलेजातली मुलगी. एका मॉलमध्ये गार्डानं तिला अडवलं आणि सगळ्यांसमोर तिची पर्स काउंटरवर उलटी केली. कंगवा, लिपस्टिक, चार्जर. काही निघालं नाही. तिनं घरी जाऊन फोनसमोर बसून सगळं सांगितलं आणि रडली. दुसऱ्या दिवशी अख्ख्या इंदूरच्या तोंडी तीच. पोह्याच्या गाडीवर तीच, रिक्षात तीच. “भिया, बहुत गलत हुआ बच्ची के साथ.” जो तो पेटलेला.

गलत झालंच. मी कुठे नाही म्हणते? पण अहो, पर्स! नुसती पर्स! तिच्या अंगावरचे कपडे तिच्या अंगावरच होते ना!

आता खरं सांगते. मला राग नाही आला, हेवा वाटला. कुणाच्या सोन्याचा, बंगल्याचा मला कधी असा हेवा वाटला नाही. तिच्या रडण्याचा वाटला. ती रडते तेव्हा डोळ्यांतून एकेक थेंब सरळ खाली येतो. माझं तसं नाही. मी रडले की आधी नाक वाहतं, तोंड वाकडं होतं. असलं तोंड कोण बघणार? आवाज बंद करून मी तो व्हिडिओ परत परत बघायची. एकदा भाजी करपली. खालच्या कमेंटी वाचायची. कुणी दिल्लीहून लिहितंय, कुणी दुबईहून. आम्ही तुझ्यासोबत आहोत, खंबीर राहा, तू एकटी नाहीस. मी एकेक ओळ बोटानं सरकवत वाचायची. एवढी माणसं आहेत या जगात? मग त्या दिवशी ट्रायल रूमबाहेर होती कुठे?

तिच्या चेहऱ्याचाही हेवा वाटला. त्याला कारण आहे. आमच्या दुकानाचे रील्स निघतात. साडी नेसून चालते ती मी असते, पण दिसते ती मानेखाली. पहिल्याच दिवशी भाभीजींनी सांगितलं होतं, “चेहरा नहीं लेंगे. कस्टमर को वहां अपना चेहरा सोचना होता है.” मला ते तेव्हा पटलंही होतं. लाखो लोकांनी माझी कंबर बघितली, माझा हात, माझ्या निऱ्या. क्या ग्रेस है, लिहितात. कुणाबद्दल लिहितात? माझ्याबद्दल तर नाहीच, कारण मी त्यात नाहीच. तनू मात्र दुकानाचं पेज रोज बघते. आईची पाठ ओळखते ती.

तर एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते आणि तनू फोन घेऊन शेजारी बसली. डोळे लाल. तिनं त्या मुलीचा फोटो स्टेटसला लावला होता. खाली लाल बदाम. मी म्हटलं, “काय झालं?”

“आई, तुला नाही समजणार. सबके सामने पर्स खाली करवाई तिची. किती इन्सल्ट वाटली असेल!”

लाटणं थांबलं माझं. म्हटलं, “हो का? बिचारी.”

माझ्या पोटच्या पोरीचे अश्रू होते ते. माझ्या वाट्याचे. आणि ती ते दुसऱ्याच कुणासाठी गाळून राहिली होती. तिची काय चूक, तिला मी सांगितलंच कुठे होतं? पण हेव्याला एवढी अक्कल असती तर काय पाहिजे होतं. मी त्या रात्री तिच्याशी नीट बोलले नाही. जळत होते मी. माझ्या पोरीवर जळत होते, त्या व्हिडिओतल्या पोरीवर जळत होते, आणि आपल्यासाठी एकानेही साधी काडी ओढली नाही म्हणून अख्ख्या गावावर जळत होते.

शनिवारी त्या मुलीसाठी मोर्चा निघणार होता, राजवाड्यापर्यंत. मेणबत्त्या बाजारातल्या दुकानदारांनी दिल्या. भाभीजींनी दुपारीच आम्हा पाचही जणींना काळ्या साड्या काढून दिल्या. दुकानाच्याच. मला म्हणाल्या, “तुम आगे रहना. तुम पर साड़ी अच्छी बैठती है.” हातात फलक दिला. त्यावर लिहिलं होतं, औरत की इज्जत तलाशी का सामान नहीं.

मी तो फलक वाचला. परत वाचला. भाभीजींकडे बघितलं. सच्ची सांगते, त्यांना आठवतच नव्हतं. मतलब, लपवत होत्या असंही नाही. त्यांच्या लेखी काही झालंच नव्हतं. कपाटात शोधतो तसं माझ्यात शोधलं, नाही मिळालं, कपाट बंद.

राजवाड्यासमोर गर्दी मावत नव्हती. ती मुलगी लांब पायऱ्यांवर होती, पांढऱ्या कपड्यांत, भोवती माइक. भाभीजींनी फोन काढला आणि लाइव्ह सुरू केलं. आधी स्वतः बोलल्या. आमच्या दुकानातल्या बहिणी, नारी का सम्मान, वगैरे. मग फोन थोडा खाली करून मला हळूच म्हणाल्या, “आज चेहरा आने दो. थोड़ा फील करके दो शब्द बोलो. आंखें भर आएं तो और अच्छा.”

आज चेहरा पाहिजे होता. रडका.

फोन माझ्यासमोर आला. एवढी वर्षं त्या फोनसमोर चालले, पहिल्यांदा त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. मी म्हटलं, “भाभीजी, जिस दिन मैडम का कंगन गुम हुआ, आपने ट्रायल रूम में मेरे कपड़े उतरवाए. कुर्ता भी, सलवार भी. कंगन मैडम के ही पर्स में निकला. आज सबके सामने बोल दीजिए कि मैंने नहीं लिया था.”

भाभीजींचं हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर. बोट तेवढं स्क्रीनवर गेलं. “फ्रेंड्स, नेटवर्क जा रहा है,” असं म्हणून फोन बंद केला.

मी म्हटलं, “नेटवर्क गेलं तर जाऊ दे. या चौघींसमोर बोला.” रेखाताई मेणबत्तीकडे बघत होत्या. बाकीच्या तिघी पण. शेजारच्या एका बाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आली, कुणीतरी आली. ती प्रेमानंच म्हणाली, “दीदी, आज का दिन उस बच्ची का है. अपना मैटर बाद में देख लेना.” पाठीमागून कुणीतरी विचारलं, “कौन है?” भाभीजी म्हणाल्या, “स्टाफ है.” तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. मोर्चा पुढे सरकला.

मी फलक तिथेच भिंतीला टेकवून ठेवला. वॉचमनकडून चावी घेऊन दुकानात गेले, काळी साडी सोडली, तिची घडी घातली, माझे कपडे घातले. ट्रायल रूममध्ये नाही, काउंटरच्या मागे. चावी परत वॉचमनकडे दिली. इथून पुढे मी त्या बाईला अहो-जाहो करणार नाही.

घरी तनू दारातच होती. तुटायच्या आधी तिनं लाइव्ह बघितलं होतं. नंतर पेजवरून ते उडवलं गेलं. तिनं मला आत घेतलं, दार लोटलं. मग म्हणाली, “आई, सलवार पण?”

मी मान हलवली. ती रडली. तिचंही माझ्यासारखंच, आधी नाक वाहतं. मग एकदम उठून म्हणाली, “तू परत बोल. मी शूट करते. टाकते. वायरल होईल बघ.”

हो म्हणावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू? दिल्लीहून, दुबईहून माणसं येतील, तू एकटी नाहीस म्हणतील. जीव तरसला होता त्यासाठी. पण मला कळलं, त्यासाठी मला नीट रडावं लागेल. फोन हलला तर परत रडावं लागेल. घूमो म्हटलं की घुमावं लागेल. म्हटलं, “नको. मला बदाम नकोत. मला ते एक वाक्य पाहिजे.”

सोमवारी मी पोलीस ठाण्यात गेले. तक्रारी लिहून घेणारा मुंशीजी चांगला माणूस वाटला, खुर्ची दिली. सगळं ऐकलं. मग विचारलं, “वीडियो है?”

“नाही.”

“फिर क्या लिखूं? कोई गवाह?”

रेखाताई येणार नाहीत, मला माहीत होतं. म्हटलं, “मैं हूं. मैंने देखा है. तीन आईनों में देखा है.”

“ऐसे थोड़ी होता है, बहनजी. कल आना.”

कल गेले. परवा गेले. नवरा म्हणाला, वेड लागलंय. दुकानातून रेखाताईंच्या हाती निरोप आला, गुपचूप परत ये, भाभीजी काही म्हणणार नाहीत. म्हणजे ते वाक्यसुद्धा म्हणणार नाही. मी निरोप तसाच परत पाठवला.

त्या मुलीचा व्हिडिओ आता कुणी बघत नाही. गाव दुसऱ्या कुणावर तरी पेटलंय. माझा हेवा गेलेला नाही, आणि तो मी घालवणारही नाही. तिला जे न मागता मिळालं, ते मला मागूनही नाही मिळालं, हे त्याच्यामुळे विसरायला होत नाही. आज मी ठाण्यात खुर्चीवर नाही बसले. मुंशीच्या टेबलासमोर उभी राहिले, हात टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “लिखो. आज नहीं लिखोगे तो कल आऊंगी. उसने बोला था, कुर्ता भी. यहीं से शुरू करो.”

त्यानं पेन उचललं नाही. मी हात उचलला नाही.