वैशूची ओवाळणी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही, बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही वैशूला ओळखत नाही.

वैशू माझी धाकटी बहीण. ती गुडगावला, मी नोएडाला. तिच्या मोठ्या आतड्याला सूज होती — वर्षानुवर्षांची. रक्त पडायचं, गोळ्यांनी चेहरा फुगायचा, रजा घेऊन घेऊन नोकरीही गेली. शेवटी डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनच्या आधी एक नवा उपाय करून पाहू. निरोगी माणसाच्या पोटातले चांगले जिवाणू हिच्या आतड्यात सोडायचे. आणि ते मिळणार कशातून? अहो, विष्ठेतून. नवऱ्याला मधुमेह, म्हणून तो बाद. उरलो मी.

तिनं मागितलं ते भाऊबीजेला. ओवाळून झालं, मी साडी पुढे केली, तर तिनं हात मागे घेतला. "साडी नको यार, दादा. या वर्षी तुझी घाण दे," म्हणाली आणि हसता हसता डोळे पुसले. सगळे हसले. "बिल्कुल," मी म्हणालो.

आणि मग? मग मला लाज वाटायला लागली. डबा घेऊन हॉस्पिटलच्या काउंटरवर उभा असलेला मी — ऑफिसात कळलं तर? बस, एवढंच. लहानपणी हिचं ढुंगण मीच धुवायचो, तेव्हा कुठे गेली होती ही लाज?

नुकतंच अँटिबायोटिक घेतलेला माणूस चालत नाही, काही महिने थांबावं लागतं, हे डॉक्टरांच्या बोलण्यात आलं होतं. मी तेच धरलं. फोन केला — दाढ दुखत होती, कोर्स आत्ताच संपला, सॉरी. दाढ दुखत नव्हती. मी एक गोळीसुद्धा घेतली नव्हती.

"अच्छा... चलो, तू आधी दाताचं बघ," ती म्हणाली.

थांबण्याइतकी तिची तब्येत नव्हती. मोठं आतडं काढलं. आता पोटावर पिशवी असते, ती साडीखाली झाकते. उपाय लागू पडला असता का? कुणास ठाऊक. डॉक्टरांनीही खात्री दिली नव्हती. पण तिला करून पाहायचा होता — तो मी करू दिला नाही.

कुणी आजाराची चौकशी केली की ती आवर्जून सांगते, "दादा तर एका शब्दावर तयार झाला होता." लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी मान हलवतो.