कडूबाईचे चकचकीत कॅन

कडूबाई दुधाच्या कॅनला आतून चिंचेचा कोळ फासते, अशी बातमी एका सकाळी आमच्या गल्लीत उठली आणि दुपारपर्यंत गावभर फिरून आली. कारणही तयार होतं: दूध सोसायटीकडून तिला कर्जावर म्हैस मिळाली नाही, म्हणून ती सूड उगवते. शेजारी या नात्यानं सांगतो, यातलं अक्षरही खरं नव्हतं. शहाऐंशीच्या त्या उन्हाळ्यात चिंच लागलेलं झाड गावात एकच, तेही सोसायटीचे अध्यक्ष शरणबसप्पा यांच्या बांधावर, आणि त्यांचं कुत्रं पाहुण्यालासुद्धा सोडत नसे. शिवाय सूडच घ्यायचा तर कडूबाईला चिंच कशाला लागते? तोंड होतं की.

खरं एवढंच, की दूध नासत होतं. लोहाऱ्याजवळचं आमचं गाव. विहिरी कोरड्या, टँकर आला तर आला. पिकं गेली होती, पण म्हशी कडब्यावर तगल्या होत्या आणि निम्मं गाव दूध सोसायटीवर जगत होतं. सकाळी भरलेले कॅन टेम्पोतून शीतकेंद्राला जायचे आणि संध्याकाळी आंबून परत यायचे. मग बायका तांब्या आपटत थेट कडूबाईच्या दारात. कॅन धुणारी तीच ना!

ती काही गरीब गाय नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, तेव्हा हजेरी खाणाऱ्या मुकादमाच्या मागं हातोडी घेऊन धावली होती. नवरा हरिबा मुक्या स्वभावाचा. तो गेला तेव्हा गल्ली हळहळली नाही, "सुटला बिचारा" म्हणाली. मला ती "ओ आकाशवाणी" अशीच हाक मारायची, तेही भर चौकात. पण कॅनचं काम गेलं असतं तर तिला लातूरला लेकीकडं, म्हणजे जावयाच्या दारात जाऊन बसावं लागलं असतं. त्या जावयाशी तिचं लग्नाच्या मांडवातच वाजलं होतं. मरण बरं, असं ती म्हणायची, आणि जावईही तेच म्हणत असणार.

पूर्वी ती कॅन सोड्यानं आणि उकळत्या पाण्यानं धुवायची. दुष्काळ पडला तसं शरणबसप्पांनी सोसायटीचं जळण बंद केलं. मग कडूबाईनं स्वतःच्या डोक्यानं तोड काढली: ओढ्याची वाळू, चुलीची राख, वर तांब्याभर गार पाणी. कॅन असा चमकायचा की त्यात बघून कुंकू लावावं. गावानं वाहवा केली. चकचकीत ते स्वच्छ, याबाबत आमच्या गावात फूट नव्हती.

पुन्हा दूध परत आलं, तेव्हा शरणबसप्पा सोसायटीच्या ओट्यावर उभे राहून म्हणाले, "कडूबाई, तुझ्या हाताला गुण न्हाय. उद्यापासनं येऊ नको."

"हाताला व्हय? मग आप्पा, तुमच्या हातानं धुवा एक कॅन. त्यातलं दूध न्हाय नासलं, तर म्या लातूरची यष्टी धरते."

"धरच!" मागून आमच्या गल्लीतली मथुराबाई ओरडली. "भाडं आमी देतो."

"आदी नवऱ्याला चप्पल घेऊन दे मथुरे, मग माझं भाडं."

सगळं गाव बघत होतं, आप्पांना माघार घेता येईना. धोतर खोचून बसले. पोट कॅनच्या काठाला अडायचं, हात बुडाला पुरायचा नाही. पण जिद्दीला पेटले आणि तिच्या दुप्पट वाळू लावून घासलं. त्या कॅनला खूण म्हणून सुतळी बांधली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो परतला, तर सुतळीवाल्या कॅनचा वास सगळ्यात आधी आला. टेम्पोतून व्यंकटही उतरला. हा शीतकेंद्रावरचा दूध तपासणारा, परभणीला शिकून आलेला, आणि बोलायला तिखट. त्यानं कॅनमध्ये हात घालून आतून नख फिरवलं.

"याला तुम्ही चमक म्हणता? ही नांगरट आहे. प्रत्येक ओरखड्यात दूध अडकतं आणि दुधात जंतू."

"मग पुसून काढावं की," आप्पा म्हणाले.

"असा निघत नाही तो. जंतूच्या अंगाभोवती भिंत असते. त्या भिंतीवरच्या प्रथिनांनी तो चिकटून बसतो. तुमच्या भिंतीवरची गोवरी उलथन्यानं निघते. पण भिंत रचतानाच बसवलेली खुंटी? ती भिंत पाडल्याशिवाय येते का? यातली काही प्रथिनं तशी भिंतीतच जोडलेली असतात. साबणात उकळा, सुटत नाहीत. भिंत विरघळवली तरच सुटतात. ती बसवतात कशी, हे अजून मोठमोठ्यांना नीट उमगलेलं नाही, तुम्ही वाळूनं काय काढणार!"

"आन् दूध कोन फोडतं?" कडूबाईनं विचारलं.

"त्याची विकरं. म्हणजे त्याची हत्यारं समजा. दुधातली प्रथिनं तोडणारी विकरं भिंतीच्या बाहेरच लटकलेली असतात, चुन्याच्या अंशानं, म्हणजे कॅल्शियमनं धरलेली. दुधात तो अंश भरपूर, म्हणून पकड सुटत नाही. तोडलेलं खाऊन जंतू वाढतो आणि दूध आंबवतो. तेव्हा खुंट्या उपटत बसू नका, जंतूच मारा. सोडा आणि उकळतं पाणी. खुंटी राहील, पण घरधनी मेलेला असेल."

"वाळूची अक्कल हिचीच," आप्पा घाईनं म्हणाले.

"आणि जळण कुणी बंद केलं?" व्यंकटनं विचारलं. जळणाची गोष्ट शीतकेंद्रापर्यंत पोचली होती.

आप्पा सुतळीकडं बघायला लागले. कडूबाई मात्र व्यंकटवरच उखडली. "एवढा शाना हायस, तर इतके दिस दूध परत धाडताना तोंड शिवलं व्हतं का?"

माफी कुणी मागितली नाही. मथुराबाई तर जाता जाता पुटपुटली, "चिंच नसंल, पर काय तरी असंलच."

शेवटी आप्पा खाकरले. "झालं गेलं सोड. उद्यापासनं ये कामाला. पर वाळू न्हाय चालायची."

कडूबाई म्हणाली, "येते. पर आदी चार मोळ्या जळण टाका. न्हाय टाकलं, तर तुमीच बसा घासत आप्पा, बघायला गाव येतंयच."