मी मांडलेली पाचवी

माझी आई सुईण होती आणि ख्रिस्ती होती. ह्या दोन गोष्टी एका बाईत कशा नांदतात, असं मिरजेच्या शाळेत एका मुलीनं मला नाक मुरडून विचारलं होतं. मी म्हटलं, नांदतात त्या, तुझ्या का पोटात दुखतंय? आजही कुणी विचारलं तर माझं उत्तर तेच आहे. फक्त त्या नांदवताना आईचा जीव मेटाकुटीला आला आणि त्याला मीच कारण झाले, ही गोष्ट त्या मुलीशी बोलले त्याच्या बऱ्याच नंतरची.

आमचं गाव पलूसच्या बाजूचं, उसाचं. गावाबाहेर आम्हा ख्रिस्ती लोकांची पाच-सहा घरं. महायुद्धाचे दिवस होते. गावातली किती तरी तरणी माणसं पलटणीत, आणि धान्याची सगळीकडं ओढाताण. माझे वडील वारलेले. मी सातवी पास होऊन घरी आलेली, अठरा-एकोणीस वर्षांची, कुणाचं ऐकून न घेणारी. आई गावातली बाळंतपणं करायची आणि सुगीला प्रत्येक घर तिला जोंधळा घालायचं. त्याच्यावर आमची चूल. आमच्या हातचं पाणी त्या घरांना चालत नसे, पण त्यांचं पोर जगात आलं की पहिल्यांदा आमच्याच हातात पडायचं. ह्याची मला लहानपणापासून चीड होती आणि गर्वही होता.

आता पाचवी म्हणजे काय ते सांगते. बाळ पाच दिवसांचं झालं की तिन्हीसांजेला घरात सटवाई मांडतात. पाटा-वरवंटा धुऊन ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, कणकेचा दिवा लावायचा, शेजारी कोरा कागद आणि बोरू. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते अशी समजूत. आमच्या गावात रीत अशी की सुईणीनंच पाचवी मांडायची. आईनं बाप्तिस्मा घेतल्यापासून ते सोडलं होतं. नाळ ती कापायची आणि पाचवीला माझी चुलती जायची. चुलती ख्रिस्ती झालेली नव्हती. गाव कुरकुरलं, पण चालवून घेतलं. मग चुलती वारली आणि सगळ्यांच्या नजरा आईकडं वळल्या.

नेमकी त्याच महिन्यात पाटलांची थोरली सून बाळंत झाली. मुलगा झाला. पाटलीणबाई आईला म्हणाल्या, "पाचवीला ये गं सांजच्याला."

आई म्हणाली, "बाळाला न्हाऊ घालाया येईन, बाळंतिणीचं अंग चोळाया येईन. मांडाया न्हाई येनार, पाटलीणबाई. माजा देव येकच हाय."

पाटलीणबाईंनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "मग सुगीला आमच्या खळ्यावरबी येऊ नगंस. आन् आमी न्हाई घातलं तर गाव घालंल व्हय?"

घरी येताना मी आईवर तोंडाचा पट्टा सोडला. "काय बिघडतंय गं? दगड हाय तो. तूच म्हनतीस न्हवं, त्यात काय न्हाई? मग मांड की आन् ये घरी!"

आई चालता चालता थांबली. "त्यात काय न्हाई म्हनून तर," ती म्हणाली. "ज्यात काय न्हाई त्याच्याफुडं सगळं हाय म्हनून बसायचं, ह्येला काय म्हनायचं?" आणि मग माझा दंड धरून, "तू जाऊ नगंस. आत्ताच सांगून ठेवती. सटवाई तुला काय करनार न्हाई. पर येकदा मांडलंस, की उद्या गाव तुज्या नरड्यावर पाय दिऊन मांडून घील."

मी गेले. पाचव्या दिवशी आई दुसऱ्या वाडीला बाळंतपणाला गेली होती, तेव्हा गेले. पाटा धुतला, हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला, सगळं यथासांग मांडलं, फक्त हात जोडले नाहीत. मोठी हुशार! दोन्ही हात पाठीमागं धरून उभी राहिले आणि मनात म्हटलं, बघ प्रभू, जोडले नाहीत हं मी. आमच्या ख्रिस्ती घरांतली ही ठरलेली पळवाट होती. कुणी देवीपुढं हलगी वाजवायला जायचा आणि म्हणायचा, मी नुसती वाजवतो. कुणी देवीच्या गाड्याला बैल द्यायचा आणि म्हणायचा, बैल थोडाच ख्रिस्ती आहे? तशी मी, हात न जोडणारी.

खण, नारळ आणि पायलीभर जोंधळा घेऊन घरी आले. आईनं सगळं ओळखलं, पण शिवी दिली नाही की रडली नाही. तिनं त्या जोंधळ्याला हात लावला नाही, बस्स. मीच दळला, मीच भाकरी केल्या आणि मीच खाल्ल्या. ती शेजारणीकडून कण्या आणून शिजवायची. दोन माणसांच्या घरात दोन चुली झाल्या.

दोन-तीन महिन्यांतून एकदा सांगलीहून आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक सायकलवर यायचे. प्रभुभोजन म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून भाकर घ्यायची; त्याच्या आदल्या दिवशी ते घरोघर जाऊन विचारत, कुणाशी वैर आहे का, मनात काही सलतंय का. आई मला म्हणाली, "तू सांग, न्हाईतर मी सांगती." मी सांगितलं, ताठ मानेनं. शेवटी म्हटलंच, "पण मी हात जोडले नाहीत."

ते चिडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ते म्हणाले, "तू देवीला भ्यालीस असं मी म्हणत नाही, पोरी. तू उपाशी राहायला भ्यालीस. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण 'त्यात काय बिघडतंय' असं म्हणायला माणूस एकदा शिकला की कुठं थांबायचं ते त्याला कळेनासं होतं. सांभाळ."

मला असा संताप आला! महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या माणसानं मला उपासाच्या गोष्टी सांगाव्यात! दुसऱ्या दिवशी शाळेच्या खोलीत उपासना झाली, प्रभुभोजनाची भाकर फिरली, आणि मी मागच्या भिंतीला टेकून बसून राहिले. घेतली नाही. पुढच्या वेळेलाही नाही. मला कुणी बंदी केली नव्हती, मीच रुसले होते. आणि त्या सात-आठ महिन्यांत आणखी तीन पाचव्या मांडल्या. हात न जोडता, अर्थात.

मग पाटलांची धाकटी सून बाळंत झाली. माझ्याच वयाची, नवरा दूर लढाईवर. मुलगी झाली. चौथ्या दिवशी सकाळी अंग चोळायला आम्ही दोघी गेलो तर तिचं अंग नुसतं भाजत होतं. आईनं पांघरूण बाजूला केलं, वास घेतला आणि तिचा चेहराच उतरला. मिरजेच्या दवाखान्यात तिनं काही महिने सुईणीचं शिकून घेतलं होतं. असा वास आणि असा ताप म्हणजे एक दिवससुद्धा दवडायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती बाहेर येऊन पाटलांना म्हणाली, "आत्ताच्या आत्ता मिरजंला न्या. भिलवडी टेशनात दुपारची गाडी घावंल."

पाटील खाटेवर बसले होते. ते बोलायच्या आत पाटलीणबाई म्हणाल्या, "उद्या पाचवी हाय. पाचवी झाल्याबिगर बाळंतीन उंबरा वलांडत न्हाई. उद्या सांजंला हिनं मांडली, की परवा सकाळी नेऊ." बोट माझ्याकडं होतं.

"परवापातूर ती ऱ्हायाची न्हाई, पाटलीणबाई."

"तू गप. तुजा इस्वासच न्हाई. ही मांडती, हिला इचारू. काय गं पोरी, थोरलीची तूच मांडलीस न्हवं? पोरगं कसं गुटगुटीत हाय बघ. मांडल्यानं बरं झालं का न्हाई? सांग तुज्या आईला."

सगळं घर माझ्याकडं बघायला लागलं. आईसुद्धा. गावाचा पाय नरड्यावर येणार म्हणाली होती ती, तो आला होता; फक्त नरडं माझं नव्हतं, आत पडलेल्या त्या पोरीचं होतं. ज्या बाया भक्तीनं पाचवी मांडतात त्यांना मी आजही नावं ठेवत नाही. पाटलीणबाईसुद्धा सून आणि नात जगावी म्हणूनच अडून बसल्या होत्या. त्या घरात खोटी एकटी मी होते, आणि माझ्याच खोट्याचा दाखला देऊन ते लोक तिला मरायला ठेवत होते. नुसतं "व्हय" म्हटलं असतं तर माझा जोंधळा पक्का होता.

माझं डोकं सणकलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःवर सणकलं. मी म्हटलं, "मी खोटं मांडलं, पाटलीणबाई. चारी येळा. मला त्यात कायबी वाटत न्हवतं. जोंधळ्यासाटनं मांडलं. तुमालाबी फसवलं आन् माज्या देवालाबी फसवलं. आता उद्या न्हाई मांडनार, कवाच न्हाई मांडनार. हिला आत्ता न्या."

पाटलीणबाई पांढऱ्या पडल्या. "आन् वाटंत मेली तर?"

"तर माज्या माथी मारा. हितं मेली तर कुनाच्या माथी, त्येबी आत्ताच सांगा."

असं बोलणं त्या घरात आमच्यापैकी कुणी कधी बोललं नव्हतं. गड्यानं काठी उचललेली मी बघितली. तेवढ्यात आतून आवाज आला, फाटका, कसाबसा. "मामंजी, गाडी जुंपा." सासऱ्यासमोर कधी चकार शब्द न काढलेली पोर! पाटील उठले आणि स्वतः बैल सोडायला गेले.

बैलगाडीत पेंढ्यावर तिला घातली, बाळ माझ्या मांडीवर, आई तिच्या डोक्याशी. मिरजेला तीन आठवडे मी तिच्या उशाशी होते. पहिला आठवडा मी प्रार्थना म्हणून जे काही केलं ते प्रार्थनेपेक्षा भांडणच होतं. देवाला म्हटलं, चूक माझी, हिचा जीव का घेतोस? ती जगली. बाळही जगलं.

आणि गाव काय म्हणालं असेल? सटवाईनं वाचवली! पाटलीणबाईंनी मोकळ्या खाटेपाशी स्वतःच्या हातानं पाचवी मांडली होती, म्हणून वाचली. म्हणू देत. पण पाटलांनी आम्हाला बोलावून घेतलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, "झालं गेलं इसरू. पोरीनं रागात बोलले म्हनावं आन् फुडं मांडत जावं. जोंधळा दुप्पट घालतो."

आईनं ह्या वेळेला मला बजावलं नाही. ती जमिनीकडं बघत उभी होती. दुप्पट जोंधळा म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

मी म्हटलं, "रागात न्हाई बोलले, पाटील. शुद्धीत बोलले."

त्या सुगीला कुठल्याच खळ्यावर आम्हाला दाणा मिळाला नाही. बाळंतपणाला परगावची सुईण यायला लागली. आम्ही दोघी लांबच्या रानात तण भांगलायला जायचो, आणि भाकरी असेल त्या दिवशी भाकरी, नसेल त्या दिवशी घुगऱ्या. पण चूल एकच. पाळक आले तेव्हा मी भिंत सोडून पुढं जाऊन बसले आणि हात पुढं केला. त्यांनी भाकरीचा तुकडा दिला, उपदेश केला नाही. केला असता तरी त्या दिवशी ऐकला असता. मंडळीतली माणसं म्हणाली, मिरजेला जाऊन राहा, नाहीतर सातारला काम बघ. मी म्हटलं, का म्हणून? गाव काय त्यांच्या एकट्याचं आहे? आम्ही हललो नाही.

पुढच्या वर्षी पाटलांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. परगावची सुईण दीड दिवस खटपट करून हात टेकून निघून गेली. दुपारी पाटलांचा गडी धावत आला. आम्ही गेलो तर पाटलीणबाई दारातच उभ्या, एक हात चौकटीवर. आत लेक ओरडत होती आणि त्या दार सोडत नव्हत्या.

"पाचवीला येशील?" त्यांनी मला विचारलं.

"येईन की," मी म्हटलं. "ताप हाय का बघाया येईन."

"आन् मांडाया?"

"न्हाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली केली नाही. आतून लेकीनं पुन्हा हाक मारली, "आई गं!" पाटलीणबाईंनी चौकटीवरचा हात काढला आणि त्या बाजूला झाल्या. आई माझ्या आधी आत गेली.