पाऊण किलोमीटर अलीकडे

आमच्या साडूभाऊंच्या मते ते आयुष्यात एकदाही वाट चुकलेले नाहीत. रस्ते चुकलेले असतील, गावं चुकीच्या जागी वसलेली असतील, एखादं लग्न भलत्याच मांडवात लागलं असेल. पण साडूभाऊ जिथं उभे आहेत ती जागा बरोबरच असते. तीस वर्षं जमीन मोजणीच्या खात्यात काढलेल्या माणसाला हा अधिकार आपोआप मिळतो अशी त्यांची समजूत. किती भावाभावांच्या बांधांवर त्यांनी साखळी ओढली याची गणती नाही, आणि कुणी अविश्वासाने फेरमोजणी मागितलीच तर हद्दीचा दगड दुसऱ्यांदाही तिथंच निघायचा. ही त्यांची एकमेव मिळकत, आणि ती ते मिशांवर बाळगत. नात्याने ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी जुन्या जालन्यात राहणारा शाळामास्तर, आणि ते निवृत्त होऊन पिंपळगाव रेणुकाईला आपल्या घरी जाऊन राहिलेले. तेव्हा आमच्या गाठीभेटी आता सणासुदीपुरत्याच होतील, असा माझा हिशेब होता. तो त्यांच्या जावयाने मोडला.

जावई अमेरिकेत. दोन हजार साल उलटून चारेक वर्षं झाली असतील, तेव्हा सुट्टीवर आलेल्या त्या भल्या मुलाने सासऱ्यांसाठी तळहाताएवढं एक यंत्र आणलं. आकाशातल्या उपग्रहांना विचारून आपण पृथ्वीवर नेमके कुठं आहोत ते सांगणारं. सोबत एक खेळही शिकवून गेला. त्याचं नाव जिओकॅशिंग. कुणीतरी एक डबा कुठंतरी लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे. मग जगातल्या कुणीही यंत्र घेऊन यावं, डबा शोधावा, आतल्या वहीत सही करावी, आतली एखादी वस्तू घ्यावी, आपली एक ठेवावी आणि डबा होता तसा झाकून निघून जावं. एवढंच. साडूभाऊंनी हे घरात समजावून सांगितलं तेव्हा अक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीबाईंनी, रास्त शंका काढली, "बक्षीस न्हाई तं मंग लोकं कशाला जातेत?" साडूभाऊ म्हणाले, "सही करायला." सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या माणसाला यापेक्षा मोठं कारण लागत नाही.

त्या दिवसापासून दर बुधवारी ते पहिल्या एस.टी.ने जालन्याला येऊ लागले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक इंटरनेटचं दुकान होतं. तिथल्या प्लायवुडच्या खुराड्यात आम्ही दोघं एका खुर्चीवर अर्धे-अर्धे बसायचो. ते मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत टंकायचो. या खेळातली मंडळी म्हणजे एक अजब जात होती. कुणी पुण्याचा, कुणी बंगळूरचा, कुणी थेट फिनलंडचा. खरं नाव कुणीच सांगायचं नाही, सगळी टोपणनावं. साडूभाऊंनी आपलं नाव 'मोजणीदार' असं घेतलं आणि फिनलंडच्या गड्याला पहिल्याच निरोपात विचारलं, तुमच्याकडे एक एकर किती गुंठ्यांचा? त्याचं उत्तर आलं नाही. साडूभाऊंनी दोन बुधवार वाट पाहिली आणि फिनलंडचा विषय बंद केला.

यंत्र हातात आल्यावर माणूस पार बदलला. पूर्वी ते पत्ता विचारायचे नाहीत, आता रस्ताच मानेनात. अंकुशनगरला नात्यातलं लग्न होतं. आम्ही सगळे जीपने साखर कारखान्याच्या रस्त्याने गेलो. साडूभाऊंनी मात्र मांडवाचे आकडे आधीच मागवून घेतले होते. ते फाट्यावरच उतरले आणि यंत्रातला बाण दाखवत होता त्या दिशेने नाकासमोर चालू लागले. बाण सरळ जातो. मध्ये उभा ऊस आहे हे त्याला कोण सांगणार? इकडे अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि आचाऱ्याच्या चुलाणामागच्या उसातून सळसळ ऐकू आली. रानडुक्कर समजून आचारी झारा घेऊन धावला. साडूभाऊ बाहेर आले. कोट पाचटाने भरलेला, गालावर पात्याचे ओरखडे, आणि चेहऱ्यावर विजय. मी म्हणालो, "साडूभाऊ, लग्न लागून गेलं." ते यंत्र माझ्यासमोर धरून म्हणाले, "जागा बराबर आली का न्हाई ते सांगा, सर. वेळ आपल्या खात्यात येत न्हाई."

दुसरा प्रसंग औरंगाबादजवळच्या एका डोंगरावरचा. तिथं कुणा परदेशी पाहुण्याने डबा लपवला होता, आणि आमच्यासाठी जवळचा म्हणावा असा तेवढाच होता. आम्ही दोन पोक्त माणसं, एकाच्या हातात चमकणारं यंत्र, दुसरा कपारीत कोपरापर्यंत हात घालून बसलेला. अर्ध्या तासात खालच्या वस्तीतली पंधरा माणसं गोळा झाली. गुप्तधन काढणारे आले म्हणून आधीच बोंब झालेली. एकाने तर लिंबू कुठं ठेवलंय ते दाखवा म्हणून माझी पिशवी उलटी केली. नेमका त्याच वेळी डबा हाती लागला. सगळे वाकून बघायला लागले. साडूभाऊंनी झाकण उघडलं. आत एक वही, एक पेन्सिल आणि प्लास्टिकचा बेडूक. त्यांनी शांतपणे सही केली, बेडूक घेतला, त्या जागी सुपारीची डबी ठेवली आणि डबा परत कपारीत सरकवला. पंधराही माणसं आल्या वाटेने उतरून गेली. वेड्यांशी कुणी वाद घालत नाही.

मग त्यांनी स्वतःचा डबा ठेवायचं ठरवलं, आणि इथून पुढं गंमत थोडी कमी होते. गावाबाहेरच्या टेकडीवर एका सपाट दगडाखाली त्यांनी जागा निवडली. अक्कांचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा त्यांना न विचारता नेला. पहिल्या खेपेला आत दोन मोसंबी ठेवली, कारण आलेला माणूस रिकाम्या हाताने कसा जाईल? मुंग्यांनी वहीसकट फडशा पाडला. मग नियम वाचून घेतले आणि मोसंबीऐवजी पितळी ओळंबा ठेवला, अगदी जुना, नोकरीतला. यंत्रावरचे आकडे त्यांनी कागदावर सुबक उतरवून आणले, मी ते संकेतस्थळावर चढवले, आणि साडूभाऊ वाट बघू लागले.

वाट बघणं हा शब्द त्यांच्या बाबतीत फार मवाळ आहे. ते दर पंधरवड्याला टेकडी चढून डबा पुसून येत. वहीचं पहिलं पान कोरंच. इकडे संकेतस्थळावर मात्र लोक आल्याचं दिसत होतं. पुण्याचा एक गडी लिहून गेला, सापडला नाही. मग दोघं जण एकत्र, सापडला नाही. मग नाशिकच्या एक बाई, बँकेत नोकरीला असलेल्या, नवऱ्यासह इतक्या लांब येऊन गेल्या. त्यांनी मोठा मजकूर लिहिला होता: तीन तास शोधलं, माणसं प्रेमळ आहेत, डबा मात्र नाही. साडूभाऊंच्या कानशिलाची शीर उडायला लागली. प्रत्येकाला त्यांनी माझ्याकडून एकच उत्तर लिहवून घेतलं: 'जागा बरोबर आहे. डोळे उघडे ठेवावेत.' मी ते जरा गोड करून लिहू म्हणालो तर म्हणाले, "बिलकुल न्हाई. फेरमोजणी मागायली ती बाई. माझी?" आवाज चढला होता. या माणसाची तीस वर्षं त्या एका दगडाखाली जाऊन बसली आहेत, हे मला तेव्हा प्रथम कळलं.

शेवटी त्यांनी हट्टच धरला. आपणच परके होऊन यायचं. यंत्रातली जुनी खूण पुसायची, संकेतस्थळावरचे आकडे हाताने भरायचे आणि पाहुण्यासारखं गावच्या एस.टी. थांब्यापासून चालू लागायचं. मी सोबत होतो. ते पुढं, ताठ मानेनं. टेकडी समोर दिसत होती, आणि यंत्राचा बाण मात्र डावीकडे वळला. देवीच्या देवळामागून तो आम्हाला एका कापसाच्या वावरात घेऊन गेला आणि एका विहिरीच्या काठावर यंत्राने सांगितलं, पोचलात. टेकडी अजून पाऊण किलोमीटर लांब होती.

वावराचा मालक लगबगीने आला. "या साहेब, बसा. लई येळ लावला तुम्ही. याच्या आधी पण साहेब लोक येऊन विहिरीत वाकून गेल्ते. एक बाईसाहेब पण आल्त्या. मी पाणी पाजलं समद्याला. विहीर खोल करायच्या सरकारी मंजुरीची वाट पाहून राह्यलो." साडूभाऊ विहिरीच्या कठड्यावर बसले. खिशातून कागद काढून त्यांनी एकदा बघितला, पुन्हा बघितला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर, मोजणी चुकली."

चूक अशी होती. यंत्राने त्यांना जागा अंश, मिनिटं आणि सेकंदांत दाखवली होती. एका मिनिटाचे साठ सेकंद. संकेतस्थळाला मात्र मिनिटं आणि त्यांचा दशांश हवा होता. आता एकर चाळीस गुंठ्यांचा असूनही ज्याने जन्मभर दोन एकर तीस गुंठे म्हणजे २.३० असंच लिहिलं, त्याने टिंबापुढं एकोणसाठ सेकंदांचे एकोणसाठ लिहिले. सातबारा वाचणाऱ्या कुणालाही त्यात वावगं दिसणार नाही. संकेतस्थळाने ते एकोणसाठ शतांश धरले आणि डबा विहिरीवर आणून सोडला. मी गणित शिकवणारा माणूस, माझ्याच बोटांनी ते टंकलं होतं, आणि मलाही दिसलं नाही.

मी म्हणालो, "सोपं आहे. बुधवारी गुपचूप आकडे बदलून टाकू. कुणाला कळणार आहे?"

"गुपचूप?" ते उठून उभे राहिले. "नकाशात खाडाखोड करत न्हाईत, सर. चुकीला लाल शाईनं गोल करायचा अन् बाजूला सही करायची. लपवलं की मोजणी खोटी ठरती."

आधी त्यांनी विहिरीच्या मालकाला सगळं खरं सांगितलं. ते ऐकून तो इतका नाराज झाला की साडूभाऊंनी त्याचा अर्ज स्वतः लिहून द्यायचं कबूल केलं, आणि पुढं खरंच लिहून दिला. मग बुधवारी येऊन संकेतस्थळावर चुकलेल्या आकड्यांशेजारी बरोबर आकडे चढवायला लावले आणि त्या चौघांना एकेक निरोप लिहवला. तो मला पाठ आहे. 'माझी मोजणी चुकली. तुमचे पाय बरोबर होते. डोळ्यांबद्दल बोललो, त्याची माफी असावी.' सांगताना ते खुर्चीत बसले नाहीत. साहेबासमोर उभं राहावं तसे खुराड्याच्या दारात उभे राहिले. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. दुकानात गर्दी होती म्हणून पडलो नाही, याची मला अजून रुखरुख आहे.

नाशिकच्या बाईंचं उत्तर आलं: थंडीत पुन्हा येतो. आल्याही. त्यांनी दिवस कळवला होता, म्हणून आम्ही सकाळपासून टेकडीच्या पायथ्याच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. नवरा-बायको यंत्र बघत आमच्या समोरून वर गेले. साडूभाऊ टेकडीकडे पाठ करून बसले. चार चहा झाले, पाचवा तसाच निवला. तासाभराने ती दोघं उतरली आणि आमच्याच शेजारच्या बाकावर चहा घ्यायला बसली. बाई नवऱ्याला म्हणत होत्या, "बाण जिथं थांबला ना, तिथंच हात घातला मी. एक बोटसुद्धा इकडेतिकडे नाही."

मी ओळख करून द्यायला उठणार, तेवढ्यात माझ्या मनगटावर त्यांची पकड बसली. इतकी घट्ट की दुखलं. ते जमिनीकडे बघत होते आणि डोळ्यांतून पाणी सरळ धोतरावर पडत होतं. पाहुण्यांची गाडी निघून गेल्यावर म्हणाले, "मोजणी उरकल्यावर आपण थांबायचं नसतं. लोकांनी त्यांचं त्यांनी बघावं." आणि तशा दुखऱ्या गुडघ्यांनी टेकडी चढायला लागले, वहीतली सही बघायला.

आता ते गुडघे राहिले नाहीत. अक्का हयात असेपर्यंत त्या हात धरून पायथ्यापर्यंत न्यायच्या; आता अंगणातल्या खाटेपलीकडे जाणं होत नाही. वर्षातून दोनदा मीच वर जातो आणि वही खाली घेऊन येतो. बहुतेक वेळा नवी सही नसते. हल्ली लोक या वाटेला फारसे येत नाहीत. ते मात्र वही मांडीवर घेऊन पहिलं पान उघडतात, बाईंच्या नावाखालून बोट फिरवतात आणि विचारतात, "ह्या बाई परत आल्त्या का?"

मी नाही म्हणतो.

"येतील," ते म्हणतात. "आता सापडती जागा."