टाकवलेल्या पाट्याचा भाव

आमचा पाटा सलीमभाईंनी बिघडवला नाही. पुंडलिकनगरातल्या आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला गेली काही वर्षं तो त्यांनीच बिघडवला असं सांगितलं जातं, आणि त्या सांगण्याचा उगम माझ्याकडे आहे.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असे. वस्तूत जितके श्रम ओतावेत तितकं तिचं मूल्य वाढतं, हे मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं की शेवटी ते मला खरं वाटू लागलं. (विद्यार्थ्यांना कधीच वाटलं नाही.)

पाटा माझ्या बायकोचा, सुमनचा. तिच्या दौलताबादच्या माहेराहून आलेला. काळा, मधोमध झिजून खोलगट झालेला, हात फिरवला तर घसरावा इतका गुळगुळीत. मिक्सर आल्यापासून त्याच्याकडे एकच काम उरलं होतं: अंगणातल्या हौदाचं झाकण वाऱ्यानं उडू न देणं.

सलीमभाई माझे जुने विद्यार्थी. जुन्या वस्तूंचा व्यापार करतात. एकदा सहज भेटायला आले आणि पाट्यापाशी थबकले. वेरूळ रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला अगदी असाच हवा होता. त्यांनी आकडा सांगितला आणि मी हौदाच्या कठड्यावर बसलो.

"विकायचा नाय," सुमन म्हणाली.

"अगं, मिक्सर आल्यापासून तू त्याला हात लावला नाहीस."

"आजच लावणार होते."

(गिऱ्हाईक वाढलं की भाव वाढतो, हे मी शिकवलं होतं. मालकीणच गिऱ्हाइकांच्या रांगेत येऊन उभी राहते, हे पुस्तकात नव्हतं.)

काही दिवस ती पाट्याभोवती घुटमळली. मग म्हणाली, "द्या. पण त्या पैशात तुमच्या कानाचं मशीन आणायचं. तेच तेच ओरडून माझा घसा बसलाय."

"काय म्हणालीस?"

"हेच ते."

सलीमभाई रविवारी येणार होते. आदल्या दिवशी सुमन बहिणीकडे गेली आणि दुपारी गल्लीत पाटे टाकवणारी बाई आली. टाकवणं म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं ठोकून पुन्हा खरखरीत करणं. मला एक कल्पना सुचली. (इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.)

"किती टाकवू बाबा?"

"भरपूर. कसर ठेवू नका."

"मधी मासोळी काढू का? लई झ्याक दिसंल."

"काढा. श्रमानं मूल्य वाढतं."

"मंग दोन काढते," ती म्हणाली, आणि काढल्या.

रविवारी सलीमभाईंनी दोन्ही मासोळ्यांवरून बोट फिरवलं.

"सर, ये क्या कर दिया?"

"मूल्यवृद्धी."

"सर, हॉटेलवाल्याला ती झीजच पाहिजे होती. बरसों किसी ने इस पे चटणी पीसी, वही तो बिकने वाला था. आता हा नवा पाटा झाला. नवा तर कुठंबी मिळतो."

चहा घेऊन ते रिकाम्या हातानं गेले. संध्याकाळी सुमन परतली आणि हौदापाशी उभी राहिली.

"हे कुणी केलं?"

"सलीमभाईंनी टाकवून बघितला," मी म्हणालो. "मग नको म्हणाले." मासोळ्यांबद्दल तिनं विचारलं नाही, हे माझं नशीब.

तेव्हापासून ती त्यावर शेंगदाण्याची चटणी वाटते, आणि येईल त्या पाहुण्याला माझ्यादेखत मोठ्या आवाजात सांगते, "सलीमभाईनं वाटोळं केलं हो पाट्याचं!" सलीमभाई मात्र रस्त्यात भेटले की पहिल्यासारखेच विचारतात, "सर, तबियत कैसी है?" त्या प्रश्नानं माझी तबियत दर वेळी थोडी बिघडते.

परवा ती वाटायला बसली असताना मी सगळं सांगून टाकलं. वरवंटा थांबला नाही.

"माहितेय. समोरच्या वहिनींनी त्याच संध्याकाळी सांगितलं. अख्खी गल्ली ती ठोकाठोक ऐकत होती."

"मग सलीमभाईंचं नाव?"

"त्यांना विचारूनच घेते. चटणीचा डबा जातो की त्यांच्याकडं."

"तो तुझ्या बहिणीकडे जातो ना?"

"तिला लसूण चालत नाही."

"पण इतकी वर्षं एवढ्या मोठ्यानं कशाला सांगत होतीस?"

"तुम्हाला ऐकू जावं म्हणून," ती म्हणाली.

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी म्हणालो, "काय?"