उजेड गळणारी पेटी

"धूळ आतच राहते गं! पेटीबाहेर कणभर येत नाही. तीच तर हिची गंमत आहे."

"तुमच्याही आतच राहिलीये. एकतीस वर्षं. कणभर बाहेर येत नाही. आणि गंमत तर मुळीच नाही."

दुकानदाराच्या हातात पेटीचं दार होतं. ते उघडं ठेवावं की लावावं, तेही त्याला कळेना.

"काका, मला वाटतं, काकू म्हणतात त्यात थोडं..."

"काकूंना काय विचारतोस? काकू कपडे शिवतात."

"शिवतेच! ह्यांच्या शर्टांच्या शिवणीत अडकलेल्या वाळूनं माझ्या किती सुया मोडल्या, तेही सांगा की त्याला."

खरं होतं ते. टेलरबाईंचा नवरा जहाजांच्या टाक्या घासायच्या यार्डात ब्लास्टर होता. हवेच्या जोरावर वाळू मारायची आणि लोखंडावरचा गंज खरवडून काढायचा, हे त्याचं काम. तोंडाला एक फडकं बांधून तो धुळीत शिरायचा आणि तासाभरानं पांढराफटक बाहेर यायचा. यार्डात सगळे त्याला 'ढग' म्हणत. घरी आला की कानातून, खिशांच्या कोपऱ्यांतून, बुटांतून वाळू सांडायची. बाई हसत हसत झाडून घ्यायच्या. तेव्हा कुणाला ठाऊक होतं, की न सांडलेली कुठे साठतेय?

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, तेव्हा दोन्ही फुप्फुसांत गारा पडल्यासारखे ठिपके होते. "हे जाणार नाहीत," डॉक्टर म्हणाले होते. "वाढू द्यायचे नाहीत, एवढंच आपल्या हातात. इथून पुढे धुळीकडे बघायचंसुद्धा नाही."

ढगानं तीन वर्षं खरंच पाहिलं नाही. खिडकीशी बसून राहिला. गॅरेजमध्ये आठ वर्षं सुटी होऊन पडलेली मोटरसायकल त्याला दिसायची आणि तो मान वळवायचा. मग एक दिवस कुठूनसं पेटीचं चित्र घेऊन आला. बंद पेटी, वर काच, पुढे दोन भोकं, भोकांना आतून कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे. बाहेर बसून आत हात घालायचे आणि सुट्या भागांवरचा गंज हवेच्या जोरावर उडवायचा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते बाईंनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

लेकीला फोन लावला. लेक म्हणाली, "आई, तू थांबव ना बाबांना!"

"तू थांबव. तुझेही बाबाच आहेत."



आणि आता दुकानात ढग पाच पेट्या बघत होता. पहिली नको, काच हातरुमालाएवढी. दुसरीचं दार वरून उघडतं, म्हणजे दरवेळी धूळ नाकात. वाळू तर नकोच, काचेचे बारीक मणी वापरायचे, हे त्याचं त्यानंच सांगितलं. बाईंकडे न बघता. शेवटी एका पेटीपाशी थांबून तो म्हणाला, "टॉर्च आहे का रे? पेटवून आत ठेव. दार लाव. आणि दुकानातले दिवे घालव."

अंधार झाला.

"जिथून उजेड गळतो, तिथून धूळ गळते," ढग अंधारात म्हणाला. "टाकी तपासायची आमची रीत. तू पुढून बघ. दिसतं का काही?"

बाईंनी वाकून पाहिलं. दाराच्या कडेनं, काचेच्या चौकटीनं, कुठूनही केसाएवढासुद्धा उजेड नव्हता. ढग आणि दुकानदार मागच्या बाजूला काहीतरी बोलत होते. बाईंना मात्र इतक्या वर्षांत पहिल्यांदा थोडं हायसं वाटलं.

"नाही दिसत," त्या म्हणाल्या. आणि पेटी घरी आली.

नको नको म्हणताना बाईच मदतनीस झाल्या. थांबवता येत नाही, तर निदान नीट तरी होऊ दे! ढगाला उभं राहून दम लागतो म्हणून पेटीचे पाय कापून घेतले आणि समोर बाईंचं शिवणकामाचं स्टूल आलं. कॉम्प्रेसरच्या आवाजानं शेजारी ओरडू नयेत म्हणून तो गॅरेजबाहेर, पत्र्याच्या आडोशाला. त्याचं बटणही तिथेच. हवेतलं पाणी अडवायला फिल्टर. आतली धूळ ओढायला व्हॅक्यूम, त्याचा पाइप भिंतीतून पार बाहेरच्या ड्रममध्ये. एकेक पाना हातात देताना बाईंना वाटायचं, आपण आपल्याच हातानं काय बांधतोय?

"मास्क लावायचा," त्या बजावायच्या.

"मास्कमधून श्वास येत नाही मला."

"मास्क नसला तरी कुठे येतोय?"

ढगाला हसू यायचं आणि हसण्याचा खोकला व्हायचा.

सगळं जोडून झालं त्या दुपारी तो झोपला. बाई एकट्याच गॅरेजमध्ये गेल्या. शटर ओढलं, टॉर्च पेटवून पेटीत ठेवला, दार लावलं आणि गुडघ्यांवर बसून चारी बाजूंनी फिरल्या. पुढून नाही. बाजूंनी नाही. मागे, खाली, कोपऱ्यात मात्र रुपयाएवढा उजेडाचा गोल!

 एवढ्या पेट्या बघितल्या आणि भोक पडलेलीच गळ्यात मारली की मेल्यानं! ढगाला उठवलं असतं, तर त्यानं 'असू दे' म्हटलं असतं. बाईंनी कोटाच्या कॉलरखाली लावायचं करडं फेल्ट आणलं, गोल कापलं, चार घड्या करून भोकात ठासलं आणि वरून चिकटपट्टी लावली. पुन्हा टॉर्च. मिट्ट काळोख.

कुणाला काही न बोलता त्यांनी चहा टाकला.

संध्याकाळी पहिला मुहूर्त. मोटरसायकलचा ब्रेकचा दांडा पेटीत ठेवला. कॉम्प्रेसर भरला. ढगानं व्हॅक्यूम चालू केला आणि आतले दोन्ही हातमोजे फुगून ताठ उभे राहिले, कुणीतरी आतून हात पसरून 'द्या, द्या' म्हणत असल्यासारखे.

"हे काय भूत?" बाई दचकल्या.

"व्हॅक्यूमचा जोर," ढग म्हणाला. त्यानं हात घातले. बोटं वाकेनात. मणी मारायची गन धरवेना. दोनदा धरली, दोनदा निसटली. यार्डात मनगटाएवढ्या जाडीचा होज-पाइप खांद्यावर वागवणारा माणूस आणि त्याला एक खेळण्याएवढी गन धरता येईना. कपाळावर घाम आला. "हट्!" म्हणून त्यानं व्हॅक्यूम बंद केला. हातमोजे मऊ पडले. गन हातात आली. त्यानं खटका दाबला.

काच पांढरी झाली. मग मनगटापाशी, हातमोजे जिथे पेटीला जोडलेले होते तिथून, धुळीची पिचकारी थेट त्याच्या तोंडावर.

"सोडा! सोडा ते! हात काढा!"

बाईंनी त्याला काखेत हात घालून ओढत बाहेर आणला. पायरीवर बसवला. तो खोकत होता आणि दोन खोकल्यांच्या मधे हवा सापडत नव्हती. इनहेलर एकदा. इनहेलर दोनदा. बाई पाठीवर हात ठेवून बसल्या. दुसरं करता तरी काय येत होतं? हाताखाली पाठ भात्यासारखी उडत होती.

अर्ध्या तासानं तो उठला आणि भिंतीला धरून पेटीच्या मागे गेला. परतला तो मुठीत करडं फेल्ट घेऊन.

"हे काय आहे?"

"भोक होतं तिथे. उजेड दिसला मला."

"अगं, पेटीला बाहेरची हवा आत घ्यायचं भोक ते! तिथून हवा आत यायची, धूळ घेऊन व्हॅक्यूमकडे जायची. ते बुजवलंस म्हणून हातमोजे फुगले." तो थांबला, श्वास घेतला. "पेटीचा गळा आवळलास तू."

"मला कुणी सांगितलं? दुकानात तुम्ही दोघं मागे कुजबुजत होता!"

"विचारायचंस तरी."

"आणि व्हॅक्यूम बंद कुणी केला? तोही मीच?"

 ढगाच्या चेहऱ्यावर धूळ होती, भुवया पांढऱ्या. यार्डातून यायचा तसाच दिसत होता. फक्त तेव्हा तो दारातून शिट्टी वाजवत यायचा.

"मी वाईट चिंतून नाही केलं हो," बाई म्हणाल्या. "एवढीशीसुद्धा येऊ नये म्हणून केलं."

"माहीत आहे." मग हळूच, "आता काढलंय. आता नीट चालेल बघ."

"आता? अहो, आत्ता जीव जात होता तुमचा!"

"खिडकीशी बसून जातोच आहे की. तिथे निदान घाई नाही, एवढंच. मला दुसरं काय येतं? सांग ना. मी ते करतो."

 बाईंनी काजाबटण शिकवीन म्हणावं, तर त्या जाड बोटांत सुई तरी राहील का? त्यांनी फेल्ट त्याच्या मुठीतून काढून घेतलं आणि स्वतःच्या मुठीत आवळलं.

"एकच विचारते," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघून सांगा. ही पेटी बंद करणार की नाही?"

ढगानं त्यांच्याकडे पाहिलं आणि तो पुन्हा गॅरेजमध्ये शिरला. खुंटीवरचा मास्क काढून नाकावर चढवला, दोन्ही कानांमागे दोऱ्या नीट बसवल्या. व्हॅक्यूमचं बटण दाबलं. हातमोजे जरासे हलले आणि या वेळी मऊच राहिले.

मग तो भिंतीला धरत, एकेक पाऊल मोजत, कॉम्प्रेसर चालू करायला गॅरेजबाहेर निघून गेला.